एकवीसचा आवाज

त्या दिवशी वारा सुटला होता, म्हणून तर हे सगळं झालं, आणि आमच्या घरात एकालाही त्या वाऱ्याची आठवण नाही. ऊन स्वच्छ होतं, आभाळात नावालाही ढग नव्हता, पण वारा असा की दोरीवरचे चिमटे आपसूक टकटक वाजत होते, शेजारच्या घड्याळजीच्या खिडकीचं दार उघडत होतं आणि मिटत होतं, आणि मी आपला अंगणात माझ्या लोखंडी खुर्चीत बसून सकाळची गोळी घेत होतो, रक्तदाबाची, एवढ्यात सूनबाई चादर झटकायला बाहेर आली, दोन टोकं धरून तिनं एक झटका दिला आणि चादर तिच्या हातातून सुटली ती थेट माझ्या तोंडावर. मला काही दिसेना. आतून म्हटलं, "अगं, मी आहे इथं." ती म्हणते, "बाबा, हलू नका, तांब्या सांडेल." हे मला लख्ख आठवतं, आणि तिला विचाराल तर म्हणते, कुठली चादर, कुठला वारा?

दुपारी सूनबाई आरशात बघते तर कानातलं एका कानात आहे आणि एका कानात नाही. सोन्याचं, वाटाण्याएवढं, तिच्या आईनं दिलेलं. मग घर उलटंपालटं. गाद्या उचलल्या, मोरी तपासली, पिठाचा डबा चाळला, माझा चष्म्याचा डबासुद्धा उघडून बघितला, आता माझ्या चष्म्याच्या डब्यात तिच्या कानातलं कशाला जाईल, पण मी काही बोललो नाही, मी हळू माणूस आहे, माझं बोलणं तोंडापर्यंत येईस्तोवर दुसरे बोलून मोकळे झालेले असतात. तसंच झालं. माझं बोलणं यायच्या आत मुलगा म्हणाला, "चादर धुवायला कोणी नेली?"

झालं. चादर धुवायला धुण्याच्या बाईंनी नेली. अकरा वर्षं येतात त्या आमच्याकडे. माझ्या सदऱ्याच्या खिशात विसरलेली नोट त्यांनी किती वेळा वाळवून, घडी करून माझ्या हातात दिली असेल, त्याची गणती नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दारात आल्या तर सूनबाई म्हणाली, "सापडेपर्यंत येऊ नका." ओरडून नाही म्हणाली, हळूच म्हणाली, आणि तेच जास्त वाईट. संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या आणखी तीन घरांनी तेच सांगितलं. चार घरांवर त्या बाईंचं चालतं. चारही एका दिवसात बंद.

त्या रडल्या का? नाही. भांडल्या का? नाही. तुम्हाला सांगतो, त्यांनी काय केलं असेल? रोज सकाळी आठ वाजता, म्हणजे त्यांच्या कामाच्या वेळेला, आमच्या फाटकासमोर रस्त्यापलीकडे जो दगडी कट्टा आहे, तिथं येऊन बसायला लागल्या. अकरापर्यंत बसायचं आणि उठून जायचं. मी विचारलं, "बाई, हे काय?" तर म्हणाल्या, "पळून गेली असं कोणी म्हणायला नको, आजोबा. मी आहे इथं. बघा म्हणावं माझ्याकडे."

मी घरात येऊन सांगितलं, कानातलं अंगणात पडलंय, वारा होता, चादर झटकली. मुलगा म्हणाला, "बाबा, अंगण मी स्वतः झाडलं." आता झाडण्यानं काय होतं? अंगण मातीचं. वरून झाडलं तर वरचं कळतं. खालचं खणल्याशिवाय कसं कळणार?

मी शिकलेला नाही, पण हे एक मला कळतं. मी चाळीस वर्षं लाकडाच्या वखारीत होतो. काम काय, तर जुन्या लाकडातले खिळे काढायचे. मोडलेल्या घरांचे वासे यायचे, दारं यायची, ती करवतीखाली जायच्या आधी माझ्या हाताखालून जायची, कारण आत एक खिळा राहिला तर करवतीचं पातं तुटतं आणि तुटलेलं पातं कुणाच्या तोंडावर जाईल सांगता येत नाही. खिळा वरून दिसत नाही. त्याचं डोकं गंजून झडलेलं असतं, वर रंगाचे चार हात. आणि पुष्कळदा कसं होतं, एका खिळ्यामागे दुसरा खिळा असतो. पहिला निघाला की नवीन माणूस खूश होऊन लाकूड पुढं सरकवतो. मी सरकवायचो नाही. परत हात फिरवायचो. मालक म्हणायचा, "अरे, तुझ्याएवढा हळू माणूस मी पाहिला नाही." बरोबर आहे. पण माझ्या हाताखालून गेलेल्या लाकडावर एकही पातं तुटलं नाही, हेही त्यानं पाहिलं नसेल दुसऱ्या कुणाकडे.

असो. मी रोज म्हणायला लागलो, अंगण बघा, अंगण बघा. आठवडाभर म्हटल्यावर मुलगा वैतागला आणि त्यानं ओळखीचा एक मशीनवाला आणला. हा माणूस जमिनीतले पाइप शोधून देतो. लांब दांडी, खाली ताटाएवढी चकती, वर आकडे दाखवणारी काच. दांडी माझ्या हातात देऊन म्हणतो, "आजोबा, हे फार हुशार मशीन आहे. कचऱ्याकडे बघतसुद्धा नाही. मी कचरा बंद करून ठेवलाय. चांगली वस्तू असेल तरच वाजेल. पाच दिवस ठेवा."

मी म्हटलं, "कचरा कोणता आणि चांगली वस्तू कोणती, हे याला कोणी सांगितलं?"

"कंपनीनं."

"कंपनीनं आमचं अंगण बघितलंय?"

तो हसला. मुलगा हसला नाही.

पहिल्या दिवशी मुलानं स्वतः मशीन फिरवलं, भराभरा, गवत कापल्यासारखं. तीनदा वाजलं. दोन नाणी निघाली आणि नळाची पितळी चकती. बास. मुलानं घाम पुसला आणि म्हणाला, "बघितलंत? मशीनसुद्धा सांगतंय अंगणात नाही म्हणून." सूनबाईनं फाटकाबाहेर, कट्ट्याकडे बघितलं. आणि ते बघणं मला दिसलं. म्हणजे कसं झालं, आधी नुसता संशय होता, आता मशीनची साक्ष झाली. मीच आणवलेलं मशीन. ते गप्प राहिलं आणि त्या बाई चोर ठरल्या.

रात्रभर मी विचार केला असं म्हणणार होतो, पण खोटं कशाला बोलू, मी झोपलो. सकाळी उठल्यावर विचार केला. सूनबाईला म्हटलं, "दुसरं कानातलं दे."

"कशाला?"

"मातीत ठेवायचंय."

"बाबा, एक गेलं मातीत, म्हणजे तुमच्या म्हणण्याप्रमाणे गेलं, आता दुसरंही तुम्हाला हातानं नेऊन मातीत ठेवायचंय?"

म्हटलं, "मशीनला ओळख करून देतो. ओळख नसताना ते कुणाला हाक मारणार?"

मी कधी हट्ट करत नाही, म्हणून मी हट्ट केला की लोकांना काय करावं ते सुचत नाही. तिनं कानातलं शिवणाच्या दोऱ्याला बांधलं, तीन गाठी मारल्या, दोऱ्याचं दुसरं टोक आपल्या बोटाला गुंडाळलं आणि माझ्यासमोर उभी राहिली, जणू काही मी ते गिळणार होतो. आता बघा, सोनं उघड्यावर, मातीवर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. मी मशीन वरून फिरवलं. गप्प. इकडून फिरवलं. गप्प. चकती अगदी टेकवली. गप्प. सोन्यावर चकती ठेवली आहे आणि हे हुशार मशीन कचऱ्याकडे बघत नाही.

सूनबाईचं तोंड तेव्हा बघण्यासारखं झालं होतं. दोरा तसाच बोटाला गुंडाळलेला.

मुलाला बोलावलं. त्यानं मशीनवाल्याला फोन लावला, बराच वेळ "हो, हो" केलं, मग दोन-तीन बटणं दाबली आणि कचरा चालू केला. परत फिरवलं. वाजलं. बारीक, मऊ आवाज, पाळण्यातलं मूल जागं व्हायच्या आधी करतं तसा, आणि काचेवर आकडा एकवीस. अक्षरं मला येत नाहीत, पण आकडे येतात, बस आणि घड्याळ आकड्यांवरच चालतं माझं. म्हटलं, ठीक, एकवीस म्हणजे आपलं सोनं. इकडून फिरवलं तरी एकवीस, तिकडून फिरवलं तरी एकवीस. लोखंडाचं तसं नाही, लोखंड एका बाजूनं खूप आवाज करतं आणि दुसऱ्या बाजूनं विचारलं तर शब्द फिरवतं. सोनं दोन्हीकडून एकच सांगतं.

मग मी कुंपणापासून सुरुवात केली. एक पाऊल पुढं जातो न जातो तोच वाजलं. मऊ आवाज, एकवीस. इकडून एकवीस, तिकडून एकवीस. गुडघे टेकले, खुरप्यानं माती बाजूला केली, बोटांनी चाचपलं, आणि निघालं काय?

गोळीचं टरफल. माझ्याच गोळीचं. रक्तदाबाची गोळी मी पट्टीतून एक एक कातरून घेतो, ती फोडली की रिकामं चंदेरी टरफल हातात उरतं, आणि ते, तुम्हाला सांगतो, फेकायला उठायचं कोण? मी ते बोटानं मातीत खोचतो. जागच्या जागी. वाकायचं, बोटानं दाबायचं, झालं. नऊ वर्षं मी ती गोळी घेतोय. एका जागी खोचत असतो तरी एक वेळ निभलं असतं, पण माझी खुर्ची उन्हाबरोबर फिरते. थंडीत कुंपणाशी, उन्हाळ्यात नळाशी, पाऊस उघडला की पायरीजवळ. म्हणजे आमच्या अंगणात अशी एक जागा नाही जिथं मी बसलो नाही, आणि अशी एक जागा नाही जिथं मी खोचलं नाही. आणि मशीनच्या लेखी सोनं एकवीस आणि माझं टरफलही एकवीस. आवाज तोच, आकडा तोच, दोन्हीकडून तेच.

मुलगा म्हणाला, "आता कळलं कचरा बंद का करतात ते?" मी म्हटलं, "कचरा बंद केला की सोनंही बंद होतं, ते तुझ्या बायकोच्या बोटाला बांधलेलं तू आत्ताच बघितलंस." तो म्हणाला, "मग काय प्रत्येक टरफल खणणार?" म्हटलं, "खणल्याशिवाय कसं कळणार?"

आणि खणलं. चार दिवस खणलं. मशीन हळू फिरवायचं, चकती मातीला जवळजवळ टेकवून, आवाज आला की गुडघे टेकायचे, खुरपं, बोटं, टरफल. उठायचं, म्हणजे आधी एक पाय, मग दुसरा, मग मी. परत फिरवायचं. टरफल. टरफलं ठेवायला मी एक तांब्या घेतला होता, तो पहिल्या दिवशी दुपारी भरला. मग बादली घेतली.

शेजारचा घड्याळजी दिवसभर खिडकीशी बसून घड्याळं दुरुस्त करतो, एका डोळ्यात ते भिंग अडकवलेलं, ते भिंग न काढताच माझ्याकडे बघायचा. "काका, तेल लागलं का?" दर तासाला. मी म्हणायचो, "तुझ्या बाजूला आहे वाटतं, येऊ का?" तो म्हणायचा, "या की, पण आधी नऊ वर्षं इथं गोळ्या घ्या."

मुलगा संध्याकाळी कामावरून यायचा, अंगणातल्या खड्ड्यांतून वाट काढत पायरीपर्यंत जायचा आणि म्हणायचा, "बाबा, लोक विचारतात घरात काय चाललंय." म्हटलं, सांग, माझा बाप खणतोय. लाज वाटते? मग त्यांना हेही सांग की एका बाईला चोर म्हणायला काही खणावं लागलं नव्हतं, बसल्या जागी जमलं. मी असं कधी बोलत नाही. मलाच नवल वाटलं, पण बोललो ते बोललो.

आणि बाई? बाई रोज आठला कट्ट्यावर. पहिले दोन दिवस नुसत्या बघायच्या. तिसऱ्या दिवसापासून रस्त्यापलीकडून सूचना. "आजोबा, नळाच्या डाव्या हाताला राहिलं." "आजोबा, तो खड्डा बुजवलात, पण त्याच्या शेजारचं?" "आजोबा, पाणी प्या, मग वाका." एकदा मी गोळी घेतली आणि टरफल हातात धरून जरा खाली वाकलो तर पलीकडून आवाज, "आजोबा, बादलीत." चौथ्या दिवशी सूनबाई चहा घेऊन आली, मला दिला, आणि जाता जाता न राहवून खाली बसून एका खड्ड्यातली माती बोटानं चाळायला लागली. मध्येच ती म्हणाली, "बाबा, वारा होता खरा त्या दिवशी." म्हटलं, "होता." ती म्हणाली, "चादर तुमच्यावर आली होती." म्हटलं, "आली होती." तेरा दिवसांनी आठवलं. माणसाची आठवणही अशीच असते, जरा उकरावी लागते.

पाचवा दिवस. संध्याकाळी मशीनवाला मशीन न्यायला येणार. कुंपण झालं, नळ झाला, पायरी झाली, फुलझाडांचा वाफा झाला, दोरीखालचं सगळं झालं. दोन बादल्या टरफलं. सोनं नाही. अकरा वाजायला आले आणि मी खुर्चीत येऊन बसलो. खरं सांगतो, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की आपलंच चुकलं. आता मशीन जाणार, अंगण खणून झालं, आणि उद्यापासून त्या बाईंसाठी बोलायला माझ्या तोंडात काही उरलं नाही. उलट मुलगा म्हणणार, कचरा चालू करून, एकेक टरफल काढून बघितलं, नाही म्हणजे नाही. मीच त्यांचं दार कायमचं बंद केलं असतं.

तेवढ्यात बाई कट्ट्यावरून उठल्या. जायची वेळ झाली होती. फाटकाशी आल्या, आत पाऊल टाकलं नाही, तेरा दिवसांत त्यांनी आत पाऊल टाकलं नव्हतं, आणि तिथूनच म्हणाल्या, "आजोबा, उठा."

"का?"

"सगळं अंगण खणलंत. तुमच्या बुडाखालची जागा तेवढी राहिली."

घड्याळजी खिडकीत एवढा हसला की त्याचं भिंग खाली पडलं.

पण राहिली होती. का राहिली, सांगतो. खुर्ची लोखंडी. तिच्या जवळ चकती नेली की मशीन कुत्र्यासारखं भुंकतं, म्हणून पाच दिवस मी तिला वळसा घालून जात होतो. आणि दमलो की तिच्यातच येऊन बसत होतो. महिनाभर खुर्ची त्याच जागी होती. चादर आली तेव्हाही मी तिथंच होतो.

उठलो. खुर्ची उचलून लांब ठेवली. मशीन हळू फिरवलं. मऊ आवाज. एकवीस. तिकडून, एकवीस. गुडघे टेकले. तोवर सूनबाई बाहेर आली होती, सुट्टीचा दिवस म्हणून मुलगाही घरी होता, तोही आला. खुरपं घातलं, बोट घातलं, निघालं टरफल.

मुलगा म्हणाला, "बाबा, पुरे आता." आणि खरंच, प्रेमानं म्हणाला, माझा हात धरून मला उठवायला लागला.

मी म्हटलं, "थांब. एकामागे दुसरा असतो." खड्ड्यावरून परत चकती फिरवली.

वाजलं.

खुरपं ठेवून दिलं. बोटानं माती काढली, नखानं, पेराएवढी खोल, आणि आलं वर. मातीनं माखलेलं, वाटाण्याएवढं. अंगठ्यानं पुसलं आणि चमकलं. सूनबाई मटकन खाली बसली, मुलगा हसला, आणि मी मान वर करून फाटकाकडे बघितलं. बाई तशाच उभ्या. चेहऱ्यावर काही नाही. नुसती मान एकदा हलवली, जणू म्हणायचं होतं, मी कधी म्हटलं होतं नाही सापडणार?

इथं गोष्ट संपवली असती तर मी मोठा माणूस ठरलो असतो. पण घड्याळजी भिंग शोधून, डोळ्यात घालून, कुंपण ओलांडून आमच्या अंगणात आला होता, कानातल्याचा आकडा ढिला झालाय का ते बघायला. ते बघून झाल्यावर त्यानं माझ्या दुसऱ्या हातातलं टरफल घेतलं आणि तेही भिंगाखाली धरलं. म्हणाला, "काका, यावर लाल अक्षरं आहेत. बादलीतली वरची दोन-चार सोडली तर बाकी सगळी साधी आहेत."

आता लाल अक्षरांची गोळी म्हणजे नवी गोळी. डॉक्टरांनी बदलून दिलेली. वारा सुटला त्याच्या दोनच दिवस आधी. म्हणजे कानातलं चादरीतून उडून माझ्या पायाशी पडलं होतं, मातीवर, उघडं, चमकत, कुणीही बघितलं असतं तर दिसलं असतं. आणि त्याच्यावर टरफल ठेवून, बोटानं दाबून, पेरभर खोल ते कोणी घातलं?

सगळे माझ्याकडे बघत होते. मी बोट बघत होतो. हेच बोट.

कुणी काही विचारायच्या आत मीच म्हटलं, आणि यावेळी माझं बोलणं वेळेवर आलं, म्हटलं, "मी पुरलं. पाच दिवस खणलं तेही मी आणि पुरलं तेही मी. बाईंचा काही संबंध नाही, वाऱ्याचाही नाही." मुलगा नुसतं म्हणाला, "बाबा." त्या एका शब्दात त्यानं जे काही बसवलं होतं, ते मला पुढं वर्षभर पुरेल.

सूनबाई फाटकाशी गेली. म्हणाली, "चुकले मी. उद्यापासून या."

बाई म्हणाल्या, "येते. पण त्या तीन घरांत आधी तुम्ही जाऊन सांगा. तुमच्या तोंडानं गेलंय ते, तुमच्याच तोंडानं परत येऊ दे. मी बसते इथं."

आणि बसल्या कट्ट्यावर. सूनबाई गेली, कानातलं तळहातावर ठेवून, तीनही घरी. लाल झालेल्या तोंडानं परत आली, पण गेली. मग बाई उठल्या, फाटक उघडून आत आल्या, आल्या त्या सरळ माझ्यापाशी, हातातली टरफलांची बादली काढून घेतली, म्हणाल्या, "आणि यापुढं तुम्हाला अंगणात एकट्याला सोडायचं नाही." अकरा वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे कुणी चोराकडे बघावं तसं बघितलं, आणि तेही त्यांनी. हक्क आहे त्यांचा.

मशीनवाला संध्याकाळी आला, खड्डे बघून दोन पावलं मागं सरकला. म्हटलं, घेऊन जा, चांगलं आहे मशीन, पण कंपनीला सांग, कचरा कोणता ते आधी ठरवू नका म्हणावं, खणल्याशिवाय कसं कळणार? तो "हो आजोबा, हो आजोबा" करत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा नव्हता, ऊन छान होतं. नळाशी बाईंचं धुणं आपटणं चालू होतं, किती बरं वाटत होतं कानाला. मुलानं अंगण सपाट करून खुर्ची नव्या जागी ठेवली होती. मी बसलो, गोळी कातरली, फोडली, पाण्याचा घोट घेतला, डोळे मिटून जरा मागं टेकलो, आणि म्हटलं, चला, आपण हळू आहोत, अडाणी आहोत, पण आपण बरोबर होतो. मन अगदी भरून आलं.

तेवढ्यात खिडकीतून घड्याळजीनं, भिंग डोळ्याला तसंच लावून, विचारलं, "काका, आजचं कुठं खोचलंत?"